दक्षिणेच्या तीन कमानी

नदीकाठी घर बांधायचं ठरलं, की दस्तगीर मिस्त्री आधी त्या आळीतली सर्वांत म्हातारी बाई शोधून काढायचे. आमच्या वेळी त्यांनी सखू परटिणीला शोधलं. ती डोळ्यांनी अधू झालेली. तिला हाताला धरून त्यांनी आमच्या मोकळ्या जागेत आणलं आणि विचारलं, "आज्जे, तुझ्या उमरीत किस्नाचं पानी कुठवर आल्यालं?"

शेजारी माझे वडील उभे होते. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. सांगलीत वकिली करायचे, मूळ साताऱ्याचे. हातात जागेचा नकाशा होता आणि चेहऱ्यावर नाराजी. ते म्हणाले, "मिस्त्री, पाटलाला विचारा, तलाठ्याला विचारा. या बाईला काय विचारता?"

"साहेब, गडी मानूस फुगवून सांगतो. गुडघाभर आलं तर गळ्याइतकं म्हनतो. बाईनं चूल हलीवल्याली असती. चूल कुठनं कुठं न्हेली ते बाई मरंस्तवर इसरत न्हाई."

सखूनं चाचपत जाऊन लिंबाच्या बुंध्यावर छातीच्या वर हात ठेवला. मिस्त्रींनी तिथं खिळा ठोकला. मग त्याच्या वर दोन हात मोजले आणि आणखी एक ठोकला.

"हा कशाला?" दादांनी विचारलं.

"सखूनं न बघितल्याल्या पान्याचा."

मी कुंपणापाशी उभी राहून हसत होते. माझं वय पंधरा, नाव कुमुद, शाळेत इंग्रजी कवितेत पहिला नंबर, आणि या जगात आपल्याला न कळणारं काही उरलेलं नाही अशी खात्री. आता ऐंशी ओलांडली तेव्हा कुठं एकेक गोष्ट कळेनाशी होत चालली आहे. ही सुधारणाच म्हणायची.

मिस्त्री उंच आणि काटकुळे होते. विजार पोटऱ्यांपर्यंत गुंडाळलेली, डोक्याला लाल पटका, पटक्याच्या घडीत ओळंब्याची दोरी. चुन्यानं बोटांची नखं खाल्लेली. भिंत सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघायची जन्माची सवय, म्हणून बोलतानाही समोरच्याकडे ते तसंच बघत. मला वाटलं, हा म्हातारा आपल्याला डोळा मारतो! मी तरातरा आईकडे गेले आणि तक्रार केली. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कुठं पोक काढलंयस का ते बघत असतील."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेत नव्हतं, ठेकेदारी नव्हती. एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती. सांगलीत नदीच्या अंगाला कुणीही काही बांधायला काढलं, की लोक म्हणायचे, "दस्तगीरला विचारलंत का?" त्यांनी मान हलवली तरच पहिली कुदळ पडायची. हा मान त्यांना कुणी कागदावर लिहून दिलेला नव्हता. तो लोकांच्या तोंडात होता, आणि त्यावरच त्यांचं घर चालायचं.

दादांना घाई होती. साताऱ्यात घर बांधणाऱ्याला पाणी कुठून आणायचं याची काळजी असते. सांगलीला येऊन त्यांना एवढी मोठी नदी आयती दारात मिळाली, तर मिस्त्री म्हणाले, एक पावसाळा बघितल्याशिवाय मी दोरी धरणार नाही. आणि खरंच तो पावसाळा त्यांनी आमच्या जागेत बसून काढला. डोक्यावर पोत्याची खोळ, शेजारी कडब्याची पेंढी. पाणी चढलं की कडब्याचं एकेक धाट नदीत टाकायचे आणि ते कसं जातं, कुठं वळतं, कुठं गिरकी घेतं ते बघत बसायचे. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय मामू, नदीला वैरण घालताय व्हय?" मी त्यांचं एक चित्र काढलं होतं. नदीला शिंगं, आणि पुढं पेंढी घेतलेले मिस्त्री. वर्गात ते फार गाजलं.

पावसाळा संपल्यावर त्यांनी कोळशाच्या तुकड्यानं फरशीवर घर काढून दाखवलं. आम्ही सगळे बघतच राहिलो. ते घर नव्हतंच. खाली दोन लांब दगडी भिंती, नदीच्या धारेला समांतर. उत्तरेच्या टोकाला तीन कमानी, दक्षिणेच्या टोकाला तीन कमानी, सहाही उघड्या. मध्ये काही नाही. वर जायला पूर्वेच्या रस्त्याकडून दगडी जिना, आणि राहायचं सगळं वर.

"आणि खाली काय?" आईनं विचारलं.

"खाली नदीचं घर, वर तुमचं. वरनं येईल ती खालच्या अंगाला निघून जाईल. तिला वाट दिली तर ती तुमच्या भितीला हात लावनार न्हाई."

कृष्णा आमच्याकडे उत्तरेकडून येते आणि दक्षिणेला जाते. एवढी साधी गोष्ट. पण त्या कोळशाच्या रेघांपुढं उभी राहून मी म्हणाले, "हा तर बोगदा आहे." मला वेगळंच हवं होतं. एका मासिकात मुंबईच्या समुद्रावरच्या नव्या बंगल्याचं छायाचित्र आलं होतं. गोल गॅलरी, जहाजाला असतात तसे कठडे, समुद्राकडे तोंड करून रुंद खिडक्या. ते पान मी फाडून ठेवलं होतं. मी ते मिस्त्रींच्या पुढं धरलं. "मामा, असं का नाही? घरानं नदीकडे बघायला हवं. तुम्ही तर घराला पाठ फिरवून उभं करताय."

त्यांनी चित्र दूर धरलं, एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. "ब्येस बांधलंय," ते म्हणाले. "कारागीर शाना हाय. पर बाय, दर्या रोज येतो आन् रोज जातो. त्याची येळ ठरल्याली. त्याच्यासमोर तोंड करून बसायला हरकत न्हाई. आपली किस्ना वर्सातनं येकदा येती, आन् कवा येती ते सांगून येत न्हाई. तिच्या वाटंत तोंड करून कशाला बसायचं? खांदा द्यायचा. जत्रंतल्या गर्दीत आपून अंग तिरकं करून उभं ऱ्हातो का न्हाई?"

मी ते पान परत घेतलं आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

घर झालं. पहिल्याच श्रावणात पाणी आलं, मांडीइतकं. आम्ही वरच्या पडवीतून वाकून बघत होतो. उत्तरेच्या कमानींतून लालसर पाणी आत शिरलं, घराखालून संथ वाहिलं आणि दक्षिणेच्या कमानींतून बाहेर पडलं. पायाखालून नदी जात होती आणि चुलीवर आमटी उकळत होती. आईनं जिन्याच्या पाण्यालगतच्या पायरीवर बसून पाण्याला हळदकुंकू वाहिलं, खणानारळानं ओटी भरली. नारळ तरंगत घराखाली गेला. मिस्त्री रस्त्याकडे उभे होते, ते धावत दक्षिणेच्या टोकाला गेले. थोड्या वेळानं नारळ मधल्या कमानीतून बाहेर आला तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यांना तसं खुश मी आधी बघितलं नव्हतं. नंतर तर नाहीच.

पुढल्या फाल्गुनात मला बघायला साताऱ्याहून मंडळी आली. मुलगा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. त्यांचं नाव मी घेत नाही, आयुष्यभर घेतलं नाही, आता या वयात कशाला सवय मोडा! गोरे, उंच, खिशाला फाउंटन पेन. मी पोह्यांची बशी पुढं केली तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि छताच्या तुळयांकडे तीनदा. मी तिथंच विरघळले. आधुनिक विचारांच्या मुलीनं असं पहिल्या बशीत विरघळू नये, पण माझी आधुनिकता साखरेचीच निघाली.

जाताना मुलाची आई खाली उतरली, सगळीकडे फिरून आली आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली, "घर छान हो, पण दक्षिणेला तीन-तीन तोंडं उघडी? यमाची दिशा ती. माझ्या मुलाला जावई म्हणून या दारात यायचंय. तेवढं बुजवून घ्या, मग बोलू."

दादा चिडले. म्हणाले, हे खूळ मी मानत नाही, आणि मिस्त्रीनं बांधलेल्याला मी हात लावणार नाही. आता मी काय करायला हवं होतं? मी, जिनं वर्गात भोळ्या समजुतींवर निबंध लिहून शाबासकी घेतली होती? मी जेवण सोडलं. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी आईनं गुपचूप थालीपीठ दिलं ते खाल्लं, पण दादांना ते माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दादांनी मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "ते जमायचं न्हाई साहेब. दुसरा कुनी बगा. आन् दुसऱ्यानं बुजवलं तर त्या दिसापास्नं ह्या घराला माझं नाव सांगू नका."

दादांना तेवढंच हवं होतं. पण मी मिस्त्रींच्या मागोमाग जिना उतरले. कमानीखाली त्यांना गाठलं आणि म्हणाले, "मामा, माझं लग्न अडलंय." पुढं रडले. रडणं मला चांगलं जमायचं.

ते कमानीच्या दगडाला टेकून उभे राहिले. "पोरगा बरा हाय?"

"ओव्हरसियर आहेत."

"म्या बरा हाय का इचारलं."

"बरे आहेत."

त्यांनी कमानीच्या दगडावर थाप मारली. मग म्हणाले, "बुजवतो. पर चुन्यात न्हाई, नुसत्या मातीत बांधतो. वरनं पांढरा हात मारतो, सासूला भीत दिसंल. पानी आलं की दोन घटकंत माती इरघळून भीत आपसूक बसंल. तुझं लगीन बी हुईल आन् नदीची वाट बी ऱ्हाईल. मातर कुनी त्या भितीला हात लावायचा न्हाई. सांग साहेबांस्नी."

मी दादांना सांगितलं. ठरलं. मिस्त्रींनी तीन दिवसांत कमानी बुजवल्या आणि कऱ्हाडकडे दुसऱ्या कामावर गेले. चैत्रात साखरपुडा झाला. साताऱ्याच्या घरी कुणी वारलं म्हणून लग्न मार्गशीर्षावर गेलं.

ज्येष्ठात दादा कोर्टाच्या कामानं पंधरा दिवस बाहेरगावी होते. तेव्हा आमचे होणारे जावई सरकारी कामासाठी सांगलीत आले आणि रीतीनं भेटायला म्हणून घरी आले. खाली गेले. आतल्या बाजूनं भिंतीवर किल्लीनं खरवडून बघितलं. माती भुरभुर खाली पडली. ते हसले.

"मातीत? दगड मातीत? हा तुमचा मिस्त्री फसवतोय तुम्हाला. एका पावसात खाली येईल."

मला सांगायला हवं होतं. माझ्या तोंडाशी आलंही होतं, की ती खाली यावी म्हणूनच बांधली आहे. पण ते इतक्या आत्मविश्वासानं बोलत होते, आणि एका अडाणी गवंड्याची बाजू घेऊन आपण त्यांच्यापुढं गावंढळ ठरू असं मला वाटलं. मी म्हणाले, "हो ना, मलाही तसंच वाटलं होतं."

युद्धाचे दिवस. सिमेंट परवान्याशिवाय मिळत नव्हतं. त्यांनी ओळखीच्या ठेकेदाराकडून काही पोती मिळवली, दोन माणसं आणली. सांध्यांतली माती खोलवर खरवडून काढली, सिमेंट भरलं, आतून जाड गिलावा केला. बाहेरचा पांढरा हात होता तसाच ठेवला. मी त्यांना वरून चहा नेऊन देत होते. प्रत्येक खेपेला केसांत नवं फूल. आई जिन्यात उभी राहून माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "कुमे, मिस्त्रींनी हात लावू नका म्हटलं होतं ना?" मी म्हणाले, "आई, हे शिकलेले आहेत." लग्न ठरलेल्या मुलीच्या आईनं याच्यावर काय बोलावं? ती वर निघून गेली. दादा परत आल्यावर तिनं सांगितलं नाही, मीही नाही, आणि दादा खाली कधी फिरकत नसत.

श्रावणात पूर आला. आदल्या वर्षीसारखा नव्हे. दुपारपर्यंत लिंबावरचा पहिला खिळा बुडाला. रस्ता पाण्याखाली गेला, तरी दादा निर्धास्त होते. म्हणाले, मिस्त्रीचं घर आहे. शेजारपाजारची माणसं गावात उंचावर गेली, आम्ही तिघं वर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापलीकडच्या उंचवट्यावर लोक जमले होते. भिंत पुरातही शाबूत आहे हे बघून कुणीतरी ओरडून कौतुकही केलं, "वकीलसाहेब, मिस्त्रीची भीत बगा, हलत न्हाई!" त्याच गर्दीत लाल पटका दिसला. कऱ्हाडचं काम टाकून ते पुराच्या आधी परतले होते. ते एकटेच ओरडत होते, "ती उभी कशी? ती पडाय पायजे हुती! कालच पडाय पायजे हुती!"

मी ते ऐकलं. त्या गर्दीत आणि आमच्या घरात मिळून त्याचं उत्तर दोनच बायकांना माहीत होतं.

तोवर घराखालून वेगळा आवाज यायला लागला होता. उत्तरेनं आत शिरलेलं पाणी बंद भिंतीवर आपटून मागं फिरत होतं, नदीकडच्या लांब भिंतीच्या बुडाशी घुसळत होतं. जात्यासारखी घरघर. स्वयंपाकघराच्या फरशीला केसाएवढी रेघ पडली आणि आमच्या डोळ्यांदेखत बोटाएवढी झाली.

गुऱ्हाळातली गुळाची काहील आमच्याकडे पुरात होडीसारखी वापरतात. एका भोयाला घेऊन मिस्त्री तशा काहिलीतून आले. हातात पहार. दक्षिणेच्या अंगाला लिंबाला त्यांनी दोर बांधला आणि छातीभर पाण्यात उतरून भिंतीवर घाव घातला. पहार खणकन उडाली. त्यांनी पुन्हा मारली. मग वाकून, दगडांच्या सांध्यात बोटं घालून बघितलं. बोटं बाहेर काढून नुसती बघत राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी वरून खिडकीतून बघत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"साहेब!" ते ओरडले. "बायकामानसं घेऊन पूर्वेच्या खोलीत जावा! जिन्याजवळ ऱ्हावा!"

दादांनी आम्हाला ओढत नेलं. तिथून आम्हाला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. घाव. घाव. भोयाचं ओरडणं, "मामू, बाजूला या, बाजूला!" आणखी घाव. मग तोफ उडाल्यासारखा आवाज झाला आणि सगळं घर एकदा हललं. घरघर थांबली. पायाखालून पाणी धो धो जायला लागलं.

मधली कमान फुटली होती. तिच्यामागं अडलेलं पाणी दगडांसकट त्यांच्या अंगावर आलं होतं. भोयानं दोरानं ओढून त्यांना काहिलीत घेतलं, तेव्हा त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता. मिरजेच्या दवाखान्यात तो कापून टाकावा लागला.

पाणी उतरल्यावर दादा खाली गेले. चिखलात पडलेले दगड उलटेपालटे करून बघत होते. दगडांना सिमेंटचे गठ्ठे चिकटलेले. गावातले चारजण होते बरोबर. एक म्हणाला, "भीत पडली तर आपलं नाव जाईल, म्हणून म्हाताऱ्यानं चोरून सिमेंट घातलं असणार." दुसरा म्हणाला, "वय झालं. चुकला." हे दोन दिवसांत सगळ्या सांगलीत झालं. दस्तगीरचीच भीत, वकिलाचं घर बुडवत होती, शेवटी त्याच्याच पायावर पडली.

दादा न्यायाचे माणूस. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचे नाहीत. दवाखान्यात गेले, मला बरोबर घेऊन. माझ्या हातात भाताचा डबा होता.

"मिस्त्री," दादा खाटेशेजारी बसून म्हणाले, "मला खरं सांगा. त्या भिंतीत सिमेंट कुणी घातलं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही डोळे उघडे. मला तेव्हा कळलं, की पहारीच्या पहिल्या घावालाच त्यांना सगळं कळलं होतं. ते परवान्याचं सिमेंट सांगलीत कोण मिळवू शकेल, सांधा इतका सफाईनं कोण भरून घेईल, आणि चार महिन्यांवर कुणाचं लग्न आहे.

मी डब्याचं झाकण घट्ट बसवत राहिले. ते आधीच घट्ट होतं.

"भीत माझी हाय साहेब," मिस्त्री म्हणाले. आणि तोंड फिरवलं.

दादा उठले. वाटेत टांग्यात एवढंच म्हणाले, "या माणसावर मी माझं घर सोपवलं होतं." त्यांनी दवाखान्याचं सगळं बघितलं, पण मिस्त्रींना पुन्हा घरी बोलावलं नाही. घर डागडुजी करून उभं राहिलं. कमानी मात्र या वेळी उघड्याच ठेवल्या. नदीनं सासूबाईंचा युक्तिवाद खोडून काढला होता.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. मिस्त्रींची बायको हलीमाबी हिरवा खण घेऊन आली, मांडवाच्या कडेला बसली आणि न जेवता गेली.

पहिल्या वर्षातच एकदा मी साताऱ्याला यांना विचारलं, ते सिमेंट... तर म्हणाले, "सिमेंट चांगल्या प्रतीचं होतं." आणि ताटावरून उठले. पुढं त्यांनी जिल्हाभर ओढ्यांवर पूल बांधले. माणच्या कोरड्याठाक ओढ्यावरही, जिथं वर्षाकाठी घागरभर पाणी येत नाही, तिथंही पाणी जायला नकाशात असेल त्यापेक्षा एक मोरी जास्त ठेवायचे. वरिष्ठ विचारायचे, हा वायफळ खर्च का. उत्तर द्यायचे नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही त्यावर एकदाही बोललो नाही. बाकी आम्ही सगळ्यावर भांडलो.

पहिल्या बाळंतपणाला मी सांगलीला आले. मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हा एका दुपारी तिला घेऊन नदीच्या रस्त्यानं निघाले. आमच्या घराच्या खालच्या अंगाला एका व्यापाऱ्याचा नवा बंगला चालला होता. नदीकडे तोंड, गोल गॅलरी, माझ्या त्या फाडलेल्या पानातल्यासारखी. आणि बागेसाठी नदीच्या वाटेत आडवी, पुरुषभर उंच, सलग भिंत. विटांच्या ढिगाशेजारी दस्तगीर मिस्त्री बसले होते, कुबडी मांडीवर. राखणदार म्हणून ठेवलं होतं त्यांना. गाढवं आली की हाकलायची.

"कवा आलीस बाय?" त्यांनी मुलीच्या अंगावरचं दुपटं बोटानं बाजूला केलं. "ब्येस हाय. तुझ्यावानी न्हाई, शानी दिसती."

मी हसले. मग त्या भिंतीकडे बघून विचारलं, "मामा, ही अशी आडवी? तुम्ही मालकांना सांगितलं नाही?"

"पयल्याच दिशी सांगितलं. म्हनला, दस्तगीर, तुझ्या भितीनं वकील बुडाय लागलं हुतं, तू मला शिकवायचं न्हाईस. आता त्यो तरी काय करनार? त्यानं ऐकल्यालं तसंच हाय." त्यांनी मुलीचं दुपटं पुन्हा सारखं केलं. "त्याची चार ल्हान पोरं हायीत. खालच्याच खोल्यांत निजनार."

मी म्हणाले, "मामा, ती भिंत..."

"मला ठावं हाय. मला नगं सांगू." आवाजात राग नव्हता. त्यांनी कुबडी उचलून त्या बंगल्याकडे दाखवली. "त्याला सांग. वकिलाची पोर, इंजनेराची बायकू. तू म्हनलीस का सिमेंट म्या न्हाई घातलं, तर त्यो माझं ऐकंल. भितीत मोकळ्या जागा सोडंल. गिलावा हुयाच्या आत सांगाय पायजे. सांगतीस?"

"सांगते," मी म्हणाले. "उद्याच सांगते मामा."

"उद्या चालंल. मालक सकाळी असतो हितं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आम्हाला न्यायला आले होते. स्टेशनचा रस्ता त्या बंगल्यावरूनच होता. टांग्यात पुढं सामान, मागं मी, मुलगी आणि हे. बंगल्याच्या दारात मालक उभा होता, कोटावर शाल घेतलेला. यांनी टांग्यातूनच त्याला नमस्कार केला, त्यानं केला. विटांच्या ढिगापाशी मिस्त्रींना टांगा लांबूनच दिसला असणार. आम्ही जवळ येईतो त्यांनी कुबडी काखेत घेतली, विटांवर एक हात टेकला आणि एका पायावर उभे राहिले. पटका सारखा केला. टांगा आता थांबणार म्हणून मालकाच्या दिशेनं दोन पावलं पुढंही आले.

हे माझ्या शेजारी बसले होते. मी मुलीच्या तोंडावर ऊन येतंय म्हणून पदर ओढत राहिले. घोडा दुडक्या चालीनं पुढं गेला.

वळणावर मी मागं बघितलं. मालक आत निघून गेला होता. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध तसेच उभे होते.